दुर्बीणकाकांनी पाहिलेला अग्निगोल

दुर्बीणकाकांनी तो अग्निगोल पाहिला नाही, हे साऱ्या गल्लीत फक्त दोघांना माहीत होतं. एक स्वतः काका आणि दुसरी त्यांची बायको. त्यातही काकांची समजूत अशी की हे आपल्या एकट्यालाच माहीत आहे.

काकांचं चष्म्यांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर, त्याच्यावर गच्ची आणि गच्चीवर दुर्बीण. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी सहा महिने खपून तिचा आरसा स्वतःच्या हातांनी घासला होता. तेव्हापासून नंबर काढायला आलेला कुणी शनीची कडी पाहिल्याशिवाय सुटला नाही. पुष्कळांना तिथं नुसता पांढुरका ठिपका दिसे. पण ज्याच्या हातात आपला चष्मा त्याच्यापुढे ‘मला काही दिसत नाही’ कसं म्हणायचं? म्हणून सगळे दुर्बिणीला डोळा लावून ‘वा वा, काय कडी आहे!’ म्हणत आणि जिना उतरत. काका खूश, गल्लीही खूश.

काकू मात्र नुसत्या काकू होत्या. त्यांचे रोजचे तीन नेम होते. सकाळी पाखरांना दाणे घातल्याशिवाय स्वतः चहा घ्यायचा नाही. दुपारी प्रार्थनेच्या पुस्तकाचं एक पान वाचायचं, झोप आली तरी उभं राहून. आणि संध्याकाळी सात ते आठ मौन. हा तिसरा नेम एकोणीस वर्षांचा. काकू तो धरणार म्हणाल्या तेव्हा काका हसले होते. “धर की! तुला पुण्य आणि मला शांतता.” पण चार-आठ दिवसांतच त्यांच्या लक्षात आलं की न बोलणारी बायको म्हणजे उत्तम कारकून. मग रोज सातला दोघं गच्चीवर जाऊ लागली. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड नको म्हणून काका दुर्बिणीसकट डोक्यावर काळं कापड ओढून घेत आणि आतून सांगत. काकू बाहेर स्टुलावर बसून, लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात, ते सांगतील ते वहीत उतरवत.

काकूंना काही कळवायचं असेल तर कापडावरून पाठीवर थापा मारायच्या. एक थाप म्हणजे कुणी आलं आहे. दोन म्हणजे ढग आले. तीन म्हणजे असाल तसे बाहेर या. तीन थापा एकोणीस वर्षांत एकदाच पडल्या होत्या, खाली दूध उतू चाललं होतं तेव्हा.

त्या दिवशी थंडी होती आणि आकाश पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ. काकांनी दुर्बीण नेहमीसारखी जिन्याच्या खोलीच्या आडोशाला लावली होती, पूर्वेकडे तोंड करून. काकूंचं स्टूल खोलीच्या कोपऱ्याला, थोडं बाहेर, जिथून चारी बाजू दिसतात असं. काका कापडाखालून एका बारक्या ताऱ्याबद्दल सांगत होते. सांगत कसले, त्याच्यावर चिडले होते, कारण तो सापडत नव्हता.

आणि पश्चिमेला, पाण्याच्या टाकीच्या उजव्या अंगाला, एक हिरवा ठिपका पेटला.

काकूंना आधी विमान वाटलं. पण विमान असं फुगत नाही. बघता बघता तो ठिपका लिंबाएवढा झाला, हिरव्याचा पांढरा झाला आणि खाली घसरू लागला. दोरीवरच्या कपड्यांच्या सावल्या गच्चीवर पडल्या आणि एका बाजूकडून दुसरीकडे धावल्या. एकेका चिमट्याचीसुद्धा सावली पडली होती. आवाज कसलाच नव्हता. एवढा मोठा उजेड आणि एवढी शांतता! शेवटी त्याचे दोन तुकडे झाले. मोठा पुढे गेला, धाकटा नारिंगी होऊन जरासा मागे रेंगाळला, मग दोघंही गावाबाहेरच्या खाणीच्या पलीकडे विझले. पाच सेकंद, फार तर सहा. ‘देवा’ हा शब्द काकूंच्या घशापर्यंत आला आणि सात ते आठची वेळ पाहून तिथंच बसून राहिला.

“बॅटरी कुणी लावली?” कापडाखालून काका ओरडले. “कितीदा सांगितलं, लाल कागदाशिवाय बॅटरी लावायची नाही म्हणून! गेला माझा तारा!”

खाली गल्लीत एकच गलका झाला. काका डोक्यावरचं कापड फेकून बाहेर आले तेव्हा आकाश होतं तसं झालं होतं. काकूंनी मनगटावरचं घड्याळ पाहून वहीत ‘७.२२’ एवढं लिहिलं होतं. पुढे लिहिणार तोच जिन्यावर पावलं धडधडली आणि सात-आठ माणसं धापा टाकत वर आली. सर्वांत पुढे शेजारच्या नर्सबाई.

“काका, बघितलंत? बाई गं, केवढा उजेड पडला! आणि तुम्ही तर अगदी जवळून बघितलं असेल! दुर्बिणीतून!”

दुर्बिणीतून पाहणाऱ्याला आकाशाचा नखाएवढाच तुकडा दिसतो, बाकी सगळं आकाश त्याला झाकलेलं असतं, हे काकांनी गल्लीला कधी समजावून सांगितलं नव्हतं. आता आठ माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी होती. ज्यांनी एकतीस वर्षं त्यांच्या शब्दाखातर न दिसलेली कडी पाहिली, ती माणसं.

“हो,” काका म्हणाले. “म्हणजे... हो.”

खोटं बोलायला वेळ लागतो असं काकूंना आजवर वाटत असे. ह्याला अग्निगोलापेक्षाही कमी लागला.

“ह्याला तारा तुटला असं म्हणत नाहीत,” काकांना आता कंठ फुटला. “ह्याला अग्निगोल म्हणतात. आकाशातला दगड. वाटेत जळून गेला नसेल तर तुकडे खाली पडलेले असतात.”

“खाणीकडे पडले असणार,” मागून आवाज आला. समोरच्या घरातले बसचे ड्रायव्हर होते. नुकतीच पाळी संपवून, गाडी आगारात लावून, घरी येत होते. “माझ्या पुढ्यातच झालं हो दादा. टाकीच्या उजव्या अंगाने खाली, पश्चिमेला.”

काका हसले. “पश्चिमेला नाही. पूर्वेला.”

आता हे पूर्वेला कुठून आलं? तर तेही अगदीच हवेतून आलं नव्हतं. उजेड पडला तेव्हा काकांची नजर कापडाच्या फटीतून फरशीवर गेली होती आणि दुर्बिणीच्या पायाची सावली सर्रकन फिरताना त्यांनी पाहिली होती. सावली पश्चिमेला, म्हणजे उजेड पूर्वेला. हिशेब चोख होता. फक्त पश्चिमेची बाजू जिन्याच्या खोलीने अडवली आहे आणि पूर्वेला इस्पितळाची नवी काचेची भिंत आरशासारखी उभी आहे, एवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही. आयुष्यभर काचेचा धंदा केलेल्या माणसाला काचेनेच चकवलं. पण सावली त्यांनी खरीच पाहिली होती. त्यामुळे आपण खोटं बोलतो आहोत असं त्यांना अर्धंमुर्धंच वाटत होतं. बाकीचं अर्धं झोपेपर्यंत विरून गेलं.

आठ वाजले. मौन सुटलं. काकूंना आता बोलता येत होतं.

“भाजी गरम करू का?” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा माणूस दुकानात आला. काकांनी त्याला तासभर बसवून घेतलं, कागदावर सावल्यांची आकृती काढून दिली, आरशाचा जन्मापासूनचा इतिहास सांगितला. तिसऱ्या दिवशी ते सगळं छापून आलं, काकांच्या फोटोसकट. त्यात एक वाक्य असं होतं: ‘नजर कमजोर असलेल्यांना अशा वेळी दिशेचा भ्रम होतो. आमच्याच गल्लीतले एक बसचालक पश्चिम म्हणतात, पण मागच्याच महिन्यात मी त्यांचा नंबर वाढवून दिला आहे.’

बसच्या आगारातही वर्तमानपत्र जात होतं. आगारप्रमुखांनी ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं आणि ड्रायव्हरला बोलावून घेतलं. खात्याच्या डॉक्टरकडून डोळ्यांचा दाखला येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, तिकिटांच्या खोलीत बसायचं. दाखल्याला किती दिवस लागतील? तर ते सांगता येत नाही. आणि दाखला बरा आला नाही, तर पुढे तीच खोली कायमची.

काकू भाजी आणायला निघाल्या तेव्हा ड्रायव्हर त्यांच्याच जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. गणवेश अंगात होता, पण त्यांचा हात सारखा खिशापाशी जात होता, जिथं गाडीची किल्ली असायची.

“वहिनी, बावीस वर्षांत सायकलला धक्का नाही लावला मी,” ते म्हणाले. “चष्मा लावला की मला शेवटच्या स्टॉपची पाटी आधीच्या स्टॉपवरून दिसते. आणि एवढं धडधडीत मला चुकीचं दिसेल होय? दादांशी वैर नाही माझं. ते जाणकार आहेत. पण मी काय पाहिलं ते मला ठाऊक आहे ना!”

“हो भावजी,” काकू म्हणाल्या.

“घरात पोरीसुद्धा हसतात. सारखं विचारतात, बाबा, ही किती बोटं आहेत?”

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मौनाला अजून साडेनऊ तास अवकाश होता. काकू पिशवी सावरून भाजीला गेल्या. भाजीवालीने विचारलं, काय देऊ? तर त्यांना आठवेना.

दुपारी पुस्तकाचं पान वाचताना अक्षरं डोळ्यांपुढून नुसती सरकली. काकूंनी तेच पान तीनदा वाचलं. मग उठल्या, पदर सारखा केला आणि खाली दुकानात गेल्या. काका एका भिंगाची कड घासत होते.

“अहो, भावजींना गाडीवरून उतरवलंय.”

“कळलं मला. होईल तपासणी, जातील परत.” काकांनी मान वर केली नाही. “मी काही त्यांचं नाव घातलं नव्हतं.”

“गल्लीत ड्रायव्हर कितीसे आहेत?” काकू म्हणाल्या. “आणि त्यांना बरोबर दिसलं असलं तर?”

“अगं, त्यांचा उजवा डोळा मी तपासलाय. तुला काय समजतंय त्यातलं? तू तर वहीत डोकं घालून बसली होतीस.”

काकूंना तेव्हा जाणवलं की तीन दिवस झाले, गल्लीतल्या शेंबड्या पोरापासून वर्तमानपत्राच्या माणसापर्यंत सगळ्यांशी काका ह्याच विषयावर बोलले, पण ‘तू काय पाहिलंस?’ असं त्यांनी आपल्याला एकदाही विचारलं नव्हतं. आधी बरंच वाटलं. विचारलं नाही म्हणजे खोटं बोलायचा प्रसंग टळला. नंतर ते बरं वाटणंच त्यांना टोचायला लागलं. काका निदान आठ माणसांच्या कचाट्यात सापडून खोटं बोलले होते. काकूंना कुणी धरलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी वेधशाळेतल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, सर्दीने बेजार, खांद्याला मोठी झोळी. झोळीत होकायंत्र, कोन मोजायचं साधन, नकाशाची गुंडाळी आणि पाहणाऱ्यांच्या जबान्या भरायच्या तक्त्यांचा गठ्ठा. त्यांची पद्धत अशी की ज्याने जिथून पाहिलं, त्याला त्याच जागी, त्याच वेळी, तसंच उभं करायचं आणि हात करून दाखवायला लावायचं. त्यामुळे त्या सातच्या ठोक्याला गच्चीवर हजर झाल्या आणि काकूंना म्हणाल्या, “नमस्कार! तुम्हीही होतात का इथं?”

काकूंनी हात जोडले.

“ती सात ते आठ बोलत नाही,” काका म्हणाले. “नेम आहे तिचा.”

“अरे वा!” बाई म्हणाल्या आणि का कोण जाणे, काकूंना ऐकूही येत नसावं असं धरून पुढचं सगळं मोठ्याने बोलू लागल्या.

काका दुर्बिणीपाशी उभे राहिले. हात पूर्वेला केला. बाईंनी हाताखाली साधन धरून कोन मोजला. किती वेळ दिसला? “साडेपाच सेकंद.” रंग? “निळसर पांढरा.” आवाज? “नाही.” वेळ? “सात वाजून बावीस मिनिटं. लेखी नोंद आहे.” काकांनी वही पुढे केली. बाईंचे डोळे चमकले. बाकी सगळ्यांनी वेळ सांगितली होती ती ‘बातम्या लागल्या होत्या’, ‘कुकर लावला होता’ अशी. मिनिटासकट वेळ सांगणारा हा पहिलाच भेटला.

त्यांनी कठड्यावर नकाशा पसरला आणि शिंकल्या. “बघा, माझ्याकडे चौदा रेषा आहेत. तेरा पश्चिमेला खाणीकडे जातात. पूर्वेला जाते ती फक्त तुमची. उद्या सकाळी चाळीस माणसं शोधायला बाहेर पडणार. दोन्हीकडे पाठवता यायची नाहीत. आता इतर वेळी मी तेरा धरल्या असत्या. पण तेरा जण म्हणजे कोण, तर नर्स, गवंडी, ड्रायव्हर. आणि इकडे दुर्बिणीवर बसलेला माणूस! मी तुमची धरते.”

“तसं... तेराही जणांचं म्हणणं...” काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा घसरला होता. एक वर्तमानपत्राचा माणूस फसला तर ठीक, पण उगाच चाळीस जण उन्हात वणवण हिंडणार, ह्याची कल्पना त्यांनी केलेली नव्हती.

“तुम्ही फार नम्र आहात,” बाई म्हणाल्या. “आता एवढंच सांगा. समोरच्या ड्रायव्हरची रेषा इतरांपेक्षा ठाम आहे, इंचभर हलत नाही. ती रद्द करायची तर कारण द्यावं लागतं. तुम्ही पेपरात म्हणालात तसं ‘दृष्टिदोष’ लिहू ना? त्यांचा डॉक्टर मागाहून आमच्याकडे विचारणा करणार आहे, म्हणून म्हटलं.”

काकांनी दुर्बिणीच्या पितळी कड्यावरून रुमाल फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. “लिहा,” ते म्हणाले. “नंबर तर आहेच त्यांना.”

“लिहू नका.”

बाई दचकल्या. काका तर असे वळले की जणू दुर्बीणच बोलली. एकोणीस वर्षांत ह्या वेळी ह्या गच्चीवर तो आवाज कुणी ऐकला नव्हता. तो घोगरा निघाला. काकूंनी घसा साफ केला.

“पश्चिमेला गेला तो. भावजींना दिसला तिथंच.” त्या स्टुलापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. “इथं पेटला. टाकीच्या उजव्या अंगाला. असा खाली आला. आणि तिथं, खाणीच्या अलीकडे, दोन झाले. ह्यांनी पाहिला नाही. हे कापडाखाली होते.”

बाईंनी त्यांच्या हाताखाली साधन धरलं, कोन टिपला, नकाशावर पट्टी ठेवून रेषा ओढली. ती ड्रायव्हरच्या रेषेला खाणीच्या दक्षिणेला जाऊन भेटली. बाईंनी काकांकडे पाहिलं, मग फार वेळ नाक पुसत राहिल्या.

काका रागावतील असं काकूंना वाटलं होतं. तशी मनाची तयारीही केली होती. काका रागावले नाहीत. ते विचारत होते, “तू पाहिलास?”

“हो.”

“सगळा?”

“पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

“अगं, मग तीन थापा मारायच्या होत्यास ना!” काकांचा आवाज चिरकला. “एकतीस वर्षं मी... तीन थापा गं फक्त!”

“त्यांचं मौन होतं ना त्या वेळी,” बाई मध्ये पडल्या. “नेमाचं माणूस म्हणजे अवघडच असतं.” त्या काकूंकडे मोठ्या आदराने पाहत होत्या.

एवढी सोयीची वाट कुणी अशी आयती करून देत नाही. मान हलवली असती तरी काम झालं असतं, बोलायचीही गरज नव्हती. काकूंनी मान हलवली नाही.

“मौन तोंडाला असतं,” त्या म्हणाल्या. “हात मोकळेच होते माझे. पाच-सहा सेकंदच होते ते सगळे मिळून. तुम्हाला बाहेर काढण्यात त्यातले दोन गेले असते. मला ते द्यायचे नव्हते.”

गल्लीत कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती. तो किक मारत राहिला, मारत राहिला, शेवटी ढकलत घेऊन गेला.

काका स्टुलावर बसले. त्यांनी खाणीच्या दिशेकडे पाहिलं, जिथं आता काहीही नव्हतं.

“रंग काय होता?”

“आधी हिरवा. मग पांढरा.”

“सावल्या पडल्या?”

“चिमट्यांच्यासुद्धा.”

“फुटला म्हणालीस.”

“दोन झाले. धाकटा जरा मागे राहिला.”

“मागे राहिला,” काका म्हणाले. जवळच्या नात्यातल्या कुणाची खुशाली ऐकावी तसे ते ऐकत होते. मग उठले आणि बाईंना म्हणाले, “ड्रायव्हरच्या कागदावर काही लिहू नका. त्यांचा चष्मा मीच केलाय. त्यातून त्यांना माझ्यापेक्षा लांबचं दिसतं. उद्या सकाळी आगारात जाऊन मी तसं सांगेन. लिहूनही देईन.”

“आणि पेपरात आलेलं?” काकूंनी विचारलं.

“तिथंही जाईन,” काका म्हणाले. “फोटो मात्र ह्या वेळी छापणार नाहीत.”

बाईंनी काकांचा तक्ता गठ्ठ्यातून ओढून काढला आणि त्यावर आडवी रेघ मारली. काकूंच्या नावाचा नवा भरला. मग झोळीत हात घालून त्यांनी आणखी एक पिवळा कागद काढला.

“काका, हा तुमच्यासाठी. जी माणसं त्या वेळी बाहेर होती पण ज्यांना दिसला नाही, त्यांचीही आम्ही नोंद ठेवतो. कुठून दिसला नाही, तेही आमच्या कामाचं असतं. दोनच ओळी आहेत.”

काकांनी कागद घेतला, कठड्यावर ठेवला आणि आजवर न केलेली गोष्ट केली. सांगितलं नाही, स्वतः लिहायला बसले. काकूंनी लाल कागदाची बॅटरी त्यांच्या हातावर धरली. पहिल्या ओळीत ठिकाण विचारलं होतं, ते त्यांनी पटकन भरलं. दुसऱ्या ओळीत विचारलं होतं: ‘त्या वेळी आपण काय करत होता?’

काकांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग दुकानाच्या पाटीवर काढावीत तशा नीटस अक्षरांत लिहिलं: ‘आकाश पाहत होतो.’